गॅसची चाहूल : भिलाईचं पंप हाऊस आणि कथिलाचा कण

आपल्या मालिकेत आपण नेहमी एखादी वस्तू घेतो आणि तिच्या मागे मागे जात इतिहास पाहतो. आजची वस्तू हरभऱ्याच्या डाळीएवढीसुद्धा नाही. कथिलाच्या ऑक्साइडचा एक ठिपका, त्याच्याखाली तापणारी तार आणि वीज मोजायला दोन टोकं. हवेत पेट घेणारा गॅस मिसळला की हा ठिपका सांगतो. पण तो का जन्माला आला आणि त्याच्याकडून आपण किती अपेक्षा धरायची, हे समजायला आधी भिलाईला जावं लागेल.

तारीख १२ जून २०१४. भिलाई पोलाद कारखान्यातलं पंप हाऊस क्रमांक दोन. नावावरूनच कळतं, ही पाण्याची जागा. ब्लास्ट फर्नेसच्या माथ्यावरून निघणारा गॅस धुळीने भरलेला असतो. तो पाण्याने धुऊन घेतात आणि मग कारखान्यातच इंधन म्हणून वापरतात. त्या धुण्याचं पाणी पंपांनी जातं. त्या संध्याकाळी पाण्याचा दाब पडला. दाब होता तोवर पाण्याने गॅसला पलीकडे थोपवून धरलं होतं. दाब पडल्यावर गॅस त्याच नळातून उलटा फिरला आणि पंप हाऊसमध्ये शिरला. सहा माणसं गेली. त्यांत उपमहाव्यवस्थापक दर्जाचे दोन अधिकारीही होते. कित्येकांना रुग्णालयात न्यावं लागलं, आणि त्यांत मदतीला धावलेलेही होते.

या घटनेतली एकच गोष्ट आज लक्षात ठेवा. गॅस गॅसच्या वाटेने आला नाही. पाण्याच्या वाटेने आला. आजच्या भागात पुन्हा पुन्हा इथेच यावं लागणार आहे.

आता थोडं भिलाईविषयी. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाला भिलाई परकी नाही. सोव्हिएत संघाशी कारखान्याचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी. तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती! पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग भोपाळकडे. पण रूळ तेच राहिले. नागपूर, गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग या वाटेने विदर्भातली मराठी घरं कामासाठी भिलाईला जात राहिली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली. दल्ली-राजहऱ्याचं लोहखनिज वितळू लागलं. आज आपण ज्या रुळांवरून प्रवास करतो, त्यांतले कितीतरी इथे घडलेले आहेत.

मी अशाच एका घरातला. वडील कोक ओव्हनमध्ये होते. पाळी संपवून घरी आले की त्यांच्या कपड्यांना डांबरगोळ्यांसारखा आणि डांबराचा मिसळ वास यायचा. आई ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. शेजारचे काका ब्लास्ट फर्नेसला. त्यांच्या कपड्यांना धूळ असायची, पण तसा वास नसायचा. सेक्टरातल्या बायका नुसत्या वासावरून सांगायच्या, कोणाच्या घरचा माणूस कुठल्या खात्यात आहे. लहानपणी ही गंमत वाटायची. पुढे रसायनशास्त्र शिकलो तेव्हा कळलं, की या गमतीत जीवन-मरणाचा फरक दडलेला आहे.

कारण पोलाद कारखान्यात दोन वेगळे गॅस खेळत असतात. कोळसा हवेशिवाय तापवला की कोक उरतो आणि कोक ओव्हन गॅस निघतो. यात निम्म्याहून जास्त हायड्रोजन, साधारण पाव भाग मिथेन आणि थोडा कार्बन मोनॉक्साइड. हा भडकणारा गॅस. मुंबईत १८६५ साली रस्त्यांवर पहिले गॅसचे दिवे लागले, ते कोळशापासून काढलेल्या याच जातीच्या गॅसवर. दुसरा ब्लास्ट फर्नेस गॅस. यात निम्मा नायट्रोजन, आणि पंचवीस टक्क्यांच्या आत-बाहेर कार्बन मोनॉक्साइड. याला रंग नाही, आणि नाकाला सावध करील असा वासही नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतं. माणूस श्वास घेत असतो आणि तरी आतून गुदमरत असतो.

आणि इथे एक आकड्यांचा खेळ आहे, तो नीट पाहू या. हवेत गॅस ठरावीक प्रमाणात मिसळला तरच पेट घेतो. हायड्रोजनला ४ टक्के पुरतात, मिथेनला ५, घरच्या एलपीजीला साधारण २. कार्बन मोनॉक्साइडला मात्र १२.५ टक्के लागतात. गळती ओळखणारी बरीच यंत्रं या पेटण्याच्या किमान प्रमाणाच्या दहाव्या हिश्शाला वाजतात. मिथेनसाठी हे उत्तम. पण कार्बन मोनॉक्साइडसाठी तो दहावा हिस्सा म्हणजे सव्वा टक्का, हवेच्या दहा लाख भागांत १२,५०० भाग. माणसाच्या जिवाला तात्काळ धोका धरतात तो १,२०० भागांनाच. म्हणजे फक्त आगीसाठी लावलेलं यंत्र वाजेपर्यंत विषाची मर्यादा दहापट ओलांडलेली असेल. 'गॅस डिटेक्टर आहे की' असं कोणी म्हणालं, तर पुढचा प्रश्न विचारायचा : कशासाठी लावलेला?

माणसाने गॅस ओळखायला आधी काय काय वापरलं, ते पाहू. पहिलं यंत्र म्हणजे ज्योत. इंग्लंडमध्ये २५ मे १८१२ रोजी फेलिंगच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन ९२ माणसं आणि मुलं मेली. त्यानंतर लोकांनी हम्फ्री डेव्हीला गाठलं. त्याने १८१५ मध्ये ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली. जाळी उष्णता ओढून घेते, म्हणून आतली आग बाहेरच्या गॅसला लागत नाही. आणि खाणीत मिथेन असेल तर ज्योतीच्या माथ्यावर फिकट निळी टोपी दिसते. टोपीच्या उंचीवरून जाणकार मिथेनचं प्रमाण सांगत. पण दिवा वाचायला तयार नजर लागते, आणि कार्बन मोनॉक्साइडपुढे तो मुका.

दुसरं यंत्र जिवंत होतं. जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने खाणीतल्या मृत्यूंचा अभ्यास करून १८९६ मध्ये अहवाल दिला. स्फोटानंतर मेलेले बरेच जण धक्क्याने किंवा आगीने मेलेले नव्हते, नंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने मेले होते. त्याने सुचवलं, छोटा प्राणी बरोबर न्या. उंदीर किंवा पक्षी. छोट्या जिवाचा श्वास जलद चालतो, म्हणून विष त्याला आधी लागतं. कॅनरी पक्षी काठीवरून खाली पडला की माणसांनी मागे फिरायचं. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी निवृत्त झाले ते १९८६ मध्ये, म्हणजे आपल्याकडे घरोघरी रंगीत टीव्ही येत होते तेव्हा.

तिसरं यंत्र आपलं नाक. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन सुमारे तीनशे जण मेले. बहुतेक मुलं. गॅसला वास नव्हता, म्हणून कोणाला कळलंच नाही. त्यानंतर गॅसमध्ये मुद्दाम दुर्गंध मिसळण्याचे नियम झाले. आपल्या सिलिंडरचा तो ओळखीचा कुजकट वास एलपीजीचा नाही, त्यात घातलेल्या मर्कॅप्टनचा आहे. आपल्या बहुतेक स्वयंपाकघरांत आजही गळती ओळखणारं एकच यंत्र आहे, ते म्हणजे घरातल्या बाईचं नाक. सर्दी झाली, किंवा घर बंद करून माणसं गावाला गेली, की तेही नाही.

खाणीत दिवा असूनही माणसं मरतच होती. आपल्याकडे १९ फेब्रुवारी १९५८ रोजी आसनसोलजवळच्या चिनाकुरी खाणीत स्फोट झाला. १७५ मृत्यू. साधारण त्याच सुमारास ब्रिटनमध्ये चिनी मातीसारख्या मण्यात प्लॅटिनमची तार बसवून नवा सेन्सर तयार झाला. मण्याच्या अंगावर गॅस जळतो, मणी तापतो, तारेचा रोध बदलतो. हा मजबूत आहे, कारखान्यांत आजही चालतो. पण तो गॅस जाळून मोजतो, म्हणून त्याला गॅस टक्क्यांत लागतो. विषाच्या बारीक मात्रेला तो पुरत नाही.

आता येतो आपला ठिपका. १९५३ मध्ये ब्रॅटन आणि बार्डीन या ट्रान्झिस्टरच्या दोघा जनकांनी नोंदवलं, की भोवतालचा वायू बदलला की जर्मेनियमच्या पृष्ठभागाचे विजेचे गुण बदलतात. ट्रान्झिस्टर बनवणाऱ्याला ही कटकट. कटकटीचा उपयोग केला जपान्यांनी. १९६२ मध्ये क्यूशू विद्यापीठाच्या सेइयामा यांनी दाखवलं, की तापवलेल्या झिंक ऑक्साइडच्या पातळ थराने वायू ओळखता येतो. त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी कथिलाच्या ऑक्साइडच्या सेन्सरसाठी पेटंटचा अर्ज केला. जपानच्या घरांत तेव्हा सिलिंडरचा गॅस वेगाने शिरत होता, आणि लाकडी घरांत स्फोट होत होते. १९६८ मध्ये तागुचींचा सेन्सर मोठ्या संख्येने बनू लागला आणि १९६९ मध्ये फिगारो ही कंपनी उभी राहिली.

ही द्रव्यं आपल्याला अनोळखी नाहीत बरं का. कल्हईवाला पितळेच्या भांड्याला लावतो ते कथील. कथील आणि जस्त जाळून वैद्य जी भस्मं करतात, ती वंगभस्म आणि यशदभस्म मुख्यतः याच धातूंची ऑक्साइडं. खलातली पांढरट राख हवेवर पाळत ठेवू शकते, हे मात्र विजेचं युग आल्याशिवाय कळणार नव्हतं.

हे घडतं कसं? कथिलाच्या ऑक्साइडचा कण साधारण ३०० अंश सेल्सिअसला तापवा. हवेतला ऑक्सिजन त्याच्या अंगाला चिकटतो आणि चिकटताना कणातले इलेक्ट्रॉन ओढून धरतो. वीज वाहायला मोकळे इलेक्ट्रॉन कमी पडतात, रोध वाढतो. आता हवेत हायड्रोजन, एलपीजी किंवा कार्बन मोनॉक्साइड आला, की तो या चिकटलेल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो. ऑक्सिजन जागा सोडतो, इलेक्ट्रॉन कणात परततात, रोध झपकन उतरतो. खरं पाहिलं तर कणाच्या अंगावर एक न दिसणारी आग लागते. मोठ्या आगीची बातमी ही छोटी आग देते.

मग 'नॅनो' कशाला? ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन ओढून घेतलेली जी साल असते, तिची जाडी कथिलाच्या ऑक्साइडमध्ये साधारण ३ नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी ८० हजार नॅनोमीटरच्या आसपास, त्यावरून कल्पना करा. कण मोठा असेल तर सालीच्या आत भरपूर गर असतो, आणि साल बदलली तरी गरातून वीज वाहतच राहते. १९९१ मध्ये यामाझोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की कण ६ नॅनोमीटरच्या घरात आला की सेन्सरची संवेदनशीलता एकदम उसळते. कारण तेव्हा गर उरतच नाही, सगळी सालच. वायूचा एक रेणू आला तरी अख्ख्या कणाला ते कळतं.

इथून पुढे या गोष्टीत मराठी मुलूख येतो, आणि तो मुंबई-पुण्यापुरता नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात कथिलाच्या ऑक्साइडला तांब्याच्या ऑक्साइडची जोड देऊन हायड्रोजन सल्फाइडसाठी सेन्सर विकसित झाले. जड पाण्याच्या कारखान्यांत तो वायू लागतो, आणि तो विषारीही आहे, पेटणाराही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी रासायनिक द्रावणातून पातळ थर बसवण्याच्या स्वस्त पद्धतींवर वर्षानुवर्षं काम केलं. २००८ च्या सुमारास त्यांनी टायटॅनियम ऑक्साइड आणि पॉलिअ‍ॅनिलीन यांचा जोड करून खोलीच्या तापमानाला एलपीजी ओळखणारे सेन्सर जगापुढे मांडले. आणि अमळनेर! साने गुरुजींचं अमळनेर. तिथल्या प्रताप महाविद्यालयात प्रा. एल. ए. पाटील आणि सहकाऱ्यांनी झिंक आणि इतर धातूंच्या ऑक्साइडांच्या जाड थरांचे गॅस सेन्सर केले, आणि त्यांचे शोधनिबंध बाहेरच्या नियतकालिकांत छापून आले.

कोल्हापूर आणि अमळनेरच्या कामाकडे मी मुद्दाम बोट दाखवतो. महागडी निर्वात यंत्रं नसताना चंचुपात्र, भट्टी आणि छपाईच्या जाळीवर हे झालं. त्यामागे गरज होती, हे खरं. पण स्वस्तात करता येणं हा या विषयात दुय्यम गुण नाही. का, ते आता सांगतो.

या सेन्सरचे दोष आधी मांडू या. एक, कणाला इलेक्ट्रॉन परत मिळाले एवढंच कळतं. ते हायड्रोजनने दिले, एलपीजीने दिले की सॅनिटायझरच्या वाफेने, हे नीट सांगता येत नाही. पॅलेडियमसारख्या धातूचा अंश मिसळून किंवा तापमान बदलून थोडी निवड साधते. अभियांत्रिकीची मुलं प्रकल्पासाठी दोनेकशे रुपयांत जो 'एमक्यू-७' घेतात, तो म्हणून आलटून पालटून ६० सेकंद जास्त आणि ९० सेकंद कमी तापवावा लागतो. दोन, दमट हवा. पावसाळ्यात पाण्याची वाफ त्याच पृष्ठभागावर जागा अडवते आणि आकडे सरकतात. तीन, कण जितके लहान, तितके ते उष्णतेने एकमेकांत मिसळून मोठे व्हायला बघतात. आज सरस असलेला सेन्सर वर्षाने तसाच राहील याची खात्री नाही. म्हणून प्रयोगशाळेतला आकडा आणि कारखान्याच्या धुळीतली वर्षं यांत मोठं अंतर आहे. निबंध हजारोंनी निघाले, कारखान्यात टिकलेली यंत्रं थोडी, ती त्यामुळेच.

आणि एक मर्यादा अशी, जी कुठलाही कण ओलांडू शकत नाही. ९ ऑक्टोबर २०१८. भिलाईतच, कोक ओव्हन विभागातल्या गॅस वाहिनीवर आधी ठरवलेलं देखभालीचं काम सुरू असताना आग भडकली. त्या दिवशी नऊ जण गेले, आणि भाजलेल्यांपैकी आणखी काही पुढच्या दिवसांत. मृतांत अग्निशमन दलाची माणसंही होती. त्या वाहिनीत गॅस असतो ही काही बातमी नव्हती, प्रत्येकाला ते ठाऊक होतं. सेन्सर फक्त बातमी देतो. बातमी आल्यावर काम थांबवायचं की नाही, थांबवण्याचा हक्क कोणाला आणि थांबवलं तर त्याला बोल लागणार नाही याची हमी कोण देणार, हे माणसांनी ठरवायचं असतं. कॅनरी पडला की खाणकाम्याला मुकादमाची परवानगी न घेता पळता येत होतं. आपल्या यंत्रांबरोबर तो हक्क आला का, हे प्रत्येक कारखान्याने स्वतःला विचारावं.

पण २०१४ ची गोष्ट वेगळी. तिथे बातमीच हवी होती, आणि ती पाण्याच्या जागी हवी होती. सेन्सर जिथे असतो तिथलीच हवा त्याला कळते. दहा पावलांवरची नाही. मोठ्या किमतीचं यंत्र माणूस कुठे लावतो? जिथे गॅस असायचा तिथे. पंप हाऊस, केबलचा बोगदा, जिना, कंत्राटी कामगार डबा खायला बसतात तो आडोसा, इथे कोण लावणार? आणि गॅसला तर वाट कुठलीही चालते.

म्हणून मला वाटतं, नॅनो कणांच्या या संशोधनाचं खरं मोल संवेदनशीलतेच्या विक्रमात शोधू नये. कण बारीक झाला की थर पातळ होतो, तापवायला वीज कमी लागते, किंवा तापवावंही लागत नाही. मग सेन्सर भिंतीवरून उतरून माणसाच्या खिशाला लागू शकतो, एका जागेऐवजी शंभर जागी बसू शकतो. कोल्हापूर-अमळनेरच्या स्वस्त पद्धतींचं महत्त्व इथे आहे. व्यक्तिगत यंत्रं आजही मिळतात, पण कार्बन मोनॉक्साइडचं चांगलं यंत्र रोजंदारीच्या माणसाला स्वतःच्या पैशाने घेण्यासारखं नाही. ते हेल्मेटाइतकं स्वस्त आणि हेल्मेटाइतकं सक्तीचं झालं, तर सेइयामा आणि तागुचींपासून सुरू झालेला प्रवास योग्य जागी पोचला म्हणायचं.

भिलाई, चंद्रपूर, तारापूर, सुरत, वाडी, जिथून कुठून तुम्ही हे वाचत असाल, तुमच्या घरात कोणीतरी कारखान्यात असेलच. आज त्यांना एक प्रश्न विचारा. तुमच्या कामाच्या जागी गॅसचं यंत्र कुठे आहे, ते आगीसाठी आहे की विषासाठी, आणि शेवटचं कधी तपासलं? उत्तर मिळालं तर बरं. नाही मिळालं, तर उद्या कामावर त्यांना तो प्रश्न विचारू द्या.

भेटू पुढच्या भागात. तोवर नमस्कार, आणि सिलिंडरची नळी एकदा बघून घ्या.